जुन्या ट्रकचा रेडिएटर, हिरवं पाणी आणि २७ हजारांचं बिल

जुन्या ट्रकचा तांब्या-पितळेचा रेडिएटर 'आता संपला' असं सांगून त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा नवा टाकतो, सिस्टीम धुतो, कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात तो द्रव) भरून देतो असं कुणी म्हणालं, तर पान्याला हात लावू देण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. जुना रेडिएटर कुणाकडे राहणार, आणि कूलंटच्या कॅनचं सील तुमच्यासमोर फोडणार का. उत्तर गोलमोल आलं तर गाडी तशीच बाहेर काढा. आमच्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण नंतर ज्या ज्या गाडीवाल्यांशी बोललो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना यातला एखादा तरी तुकडा ओळखीचा निघाला.

गाडी टाटा १६१३, मॉडेल २००४. हंगामात ऊस, हंगाम संपला की चिपळूणकडून जांभा चिरा कराडला आणायचा. इंजिन एकदा बांधलेलं, पण दम अजून चांगला. गेल्या फेब्रुवारीत खालच्या टाकीच्या जोडाला पाझर सुरू झाला. असा पाझर आम्हाला नवा नाही. रेडिएटर उतरवायचा, डाख लावून घ्यायचा, हवा भरून पाण्यात बुडवून बघायचा आणि परत चढवायचा. एका दिवसाचं काम. पण आमचे नेहमीचे रेडिएटरवाले गावाला गेलेले, म्हणून गाडी हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजात घातली. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तिथल्या मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला, जाळीला दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवला आणि म्हणाला, "मालक, जाळी कुजलीय. इथं डाख लावला की शेजारी फुटणार. तांब्याचा जमाना गेला आता. कंपनीचा ॲल्युमिनियमचा टाकतो, पाच वर्षं बघायला नको."

यातलं अर्धं बोलणं खरं होतं. ॲल्युमिनियमला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आज नव्या ट्रकांत बहुतेक ॲल्युमिनियमचेच रेडिएटर येतात. वजन कमी, किंमत कमी, आणि उष्णता वाहण्यात तांबं सरस असलं तरी ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे चांगल्या बनावटीचा रेडिएटर घाटात कुठंही कमी पडत नाही. फरक आहे तो सांभाळण्यात. तांब्याची नळी फुटली तर झाळता येते, ॲल्युमिनियमची जाळी भट्टीत एकसंध जोडलेली असते, ती रस्त्याकडेच्या दुकानात डाखानं जोडता येत नाही. वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्या रबरी गॅस्केटवर पत्र्याचे दात वळवून बसवलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तांब्या-पितळेनं निमूट सोसलेलं पाणी ॲल्युमिनियमला चालत नाही.

बिल झालं ते असं: रेडिएटर १८,५००, कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) पाच लिटरचे चार कॅन ५,६००, फ्लशिंग १,५००, मजुरी १,८००. एकूण २७,४००. कागद दुकानाच्या नावाचा, पण वर 'अंदाजपत्रक' छापलेलं आणि जीएसटी नंबर नाही. पैसे यूपीआयनं गेले, तेवढी एक नोंद पुढं उपयोगी पडली. जुन्या रेडिएटरबद्दल ड्रायव्हरमामांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "जुना माल दुकानातच राहतो, रिवाज आहे."

असा कुठलाही रिवाज नाही. तांब्याच्या भंगाराचा भाव ॲल्युमिनियमच्या भंगारापेक्षा कितीतरी पट असतो आणि १६१३ चा रेडिएटर दोन माणसांनी धरून उतरवावा लागतो. तो फुकट ठेवून घेणं म्हणजे बिलात न दिसणारी आणखी काही हजारांची कमाई. एक्स्चेंज असेल तर तसं बिलावर लिहून तेवढी रक्कम वजा व्हायला हवी.

पुढचे काही आठवडे सगळं गोड होतं. झाकण उघडलं की आत हिरवंगार पाणी, आणि काटा कधी अर्ध्यापर्यंतसुद्धा जायचा नाही. मामा खूश. मिस्त्रीनं गाडी देताना काट्यावर बोट ठेवून सांगितलंच होतं, "बघा, किती थंड चालतीय!" ज्या दोन गोष्टी आम्हाला पुरावा म्हणून दाखवल्या, हिरवा रंग आणि खाली राहणारा काटा, त्या दोन्हींतच फसवणूक होती. ते कळलं एप्रिलमध्ये.

पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की भरलेल्या गाडीची खरी परीक्षा होते. दुसरा गिअर, वेग नाही म्हणजे समोरून वारा नाही, पंखा आणि रेडिएटर यांच्यावरच सगळी भिस्त. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर काटा उठला आणि बघता बघता लालवर गेला. मामांनी गाडी कडेला घेतली, इंजिन लगेच बंद न करता थोडं रिकामं फिरू दिलं, मग बंद केलं आणि झाकणाला हात न लावता बसून राहिले. पस्तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस आहे, म्हणून हातातोंडावर वाफ घेतली नाही. गरम रेडिएटरचं झाकण फडकं टाकून फिरवणारे अजूनही बरेच आहेत. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सुटलं की दाब जातो आणि ते क्षणात उसळून अंगावर येतं.

गाडी कशीबशी हेळवाकला आली, पाणी टाकत टाकत कराडला पोहोचली. गॅरेजला फोन केला तर मिस्त्री एका दमात म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवावं लागेल. पंचवीस-तीस हजार धरून चाला." गाडी न बघता! मला तिथंच शंका आली. गाडी त्याच्याकडे न नेता आमच्या जुन्या रेडिएटरवाल्या अण्णांकडे नेली. ते गावाहून परत आले होते.

अण्णांनी आधी हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, प्रश्न निकालात काढला. थंड इंजिनावर झाकण उघडून गाडी चालू केली, रेस दिली. पाण्यात सतत बुडबुडे येत नव्हते, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ नव्हती. तीस हजारांचं हेडचं काम दहा मिनिटांत रद्द झालं. मग त्यांनी वरचा होज काढला, थर्मोस्टॅटचं घर उघडलं आणि हसले. आत थर्मोस्टॅटच नव्हता, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडपच गायब.

हे जरा नीट सांगतो, कारण 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहते' हा सल्ला आपल्याकडे फुकटात मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासनं इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याची खालची चकती बायपासचं तोंड बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरला जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा. सपाटीवर, हलक्या लोडला इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त खातं, आतून झिजतं, पण काटा खाली दिसतो आणि मालक खूश. भरलेली गाडी घाटात लागली की गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात, आणि काटा लालवर. आमचा थर्मोस्टॅट चांगला होता की खराब, ते कळायला मार्ग नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. काढल्याचं सांगितलं मात्र कुणीच नाही.

दुसरी गोष्ट हिरव्या पाण्याची. अण्णांनी ते खालच्या कॉकमधून घमेल्यात काढलं, बोटांत चोळलं आणि म्हणाले, "बुळबुळीतपणा नाही ह्याला." शेजारच्या बॅटरीवाल्याकडे ॲसिड तपासायची दुर्बिणीसारखी छोटी नळी असते, रिफ्रॅक्टोमीटर. त्यातल्या बऱ्याच मॉडेलवर कूलंटचीही पट्टी असते, हे मला त्या दिवशी समजलं. काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. चांगलं कॉन्सन्ट्रेट निम्मं आणि पाणी निम्मं असेल तर रेघ उणे ३७ अंशांच्या आसपास येते, हा त्या मिश्रणाचा गोठणबिंदू. निव्वळ पाण्याची रेघ शून्यावर. आमची शून्याच्या किंचित खाली आली. म्हणजे नावाला चमचाभर कूलंट, बाकी रंग घातलेलं बोअरचं पाणी.

आपल्याकडे गोठणबिंदूचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. इथं बर्फ पडत नाही हे खरं. पण तो आकडा आत ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, किती आहे ते सांगतो, आणि ग्लायकॉलबरोबरच गंज रोखणारी रसायनं येतात. शिवाय निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या हवेत १०७-१०८ अंशांपर्यंत जातो, झाकणाचा दाब धरला तर आणखी वर. घाटात तेच वाचवतं.

ज्यांच्याकडे ही नळी नाही त्यांनी किराणा दुकानाच्या काट्यावर कॅन ठेवावा. कॉन्सन्ट्रेट पाण्यापेक्षा जड असतं, लिटरला १,११० ग्रॅमच्या आसपास. पाच लिटरचा कॅन म्हणजे नुसता माल साडेपाच किलो भरायला हवा. पाच किलोच भरला तर आत काय आहे ते उघड आहे. दुसरी युक्ती, चमचाभर कूलंट पसरट झाकणात घालून उन्हात ठेवा. रंगीत पाणी वाळून तळाशी नुसता डाग उरतो, खरं कूलंट संध्याकाळीही तेलकट द्रव म्हणून शिल्लक असतं. मात्र हा प्रयोग पोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी करा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि विषारी. जुनं कूलंट गटारात किंवा बांधावर ओतणाऱ्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं.

बिलातली लबाडी तर साध्या हिशोबात सापडली. सिस्टीममधून काढलेलं सगळं पाणी मोजलं तर पंचवीस लिटरच्या आतच भरलं. निम्मं मिश्रण करायला फार तर साडेबारा लिटर कॉन्सन्ट्रेट लागलं असतं. बिलात मात्र वीस लिटर! आणखी एक चाल मला नंतर दुसऱ्या मालकाकडून कळली. बिल कॉन्सन्ट्रेटचं लावायचं आणि ओतायचं आधीच पाणी मिसळलेलं 'रेडी टू यूज', त्यात वर आणखी पाणी. दोन्ही कॅन दिसायला सारखेच असतात, बारीक अक्षरं वाचावी लागतात. त्याच लेबलवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ या कूलंटच्या भारतीय आणि जपानी मानकांपैकी काही छापलंय का तेही बघा. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांचे आपापले रंग आहेत, त्यावरून आतलं रसायन ठरत नाही. वेगवेगळ्या जातीची दोन कूलंट एकत्र ओतली तर गंजरोधक निकामी होऊ शकतात, कधी कधी लगदाही होतो.

लगदा आमच्याकडेही निघाला, पण त्याचं कारण वेगळं होतं. ते कळल्यावर मात्र मला खरोखर संताप आला.

खालच्या टाकीत पांढरट, चिकट गाळ साचला होता. अण्णांनी विचारलं, "फ्लशिंगला काय घातलं होतं?" आम्हाला काय माहीत! पण मामांनी त्या दिवशी नवा रेडिएटर घरी दाखवायला म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढलेला. त्यात दिसतं: नवा रेडिएटर चढवलेला, इंजिन चालू, पोरगा वरून पांढरे खडे टाकतोय आणि तोंडातून फसफसून फेस येतोय. मागून मिस्त्रीचा आवाज, "बघा, सगळी घाण निघतीय!"

ते खडे कॉस्टिक सोड्याचे. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची कीट काढायला कॉस्टिकचा वापर पूर्वीपासून आहे, धातू टिकतो. ॲल्युमिनियम मात्र कॉस्टिकमध्ये सरळ विरघळतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तो फेस घाणीचा नव्हता, नव्याकोऱ्या रेडिएटरचाच होता. नळीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ, त्यात कॉस्टिक खेळवलेलं, नंतर साध्या पाण्यानंही पुरतं धुतलं नाही. विरघळलेलं ॲल्युमिनियम पांढरा गाळ होऊन नळ्यांत बसलं, वर बोअरच्या जड पाण्याचे क्षार. गंजरोधक नसल्यानं उरलेला पत्राही खाल्ला जात होता. ॲसिडचंही तेच. जुन्या इंजिनाचं फ्लशिंग करायचंच असेल तर ते ॲल्युमिनियमला चालणाऱ्या क्लीनरनं करावं, नाहीतर नुसतं स्वच्छ पाणी फिरवून, काढून, परत फिरवून, खाली निर्मळ पाणी येईपर्यंत. रेडिएटरच्या कॉकबरोबर इंजिन ब्लॉकचा प्लगही उघडावा लागतो, नाहीतर जुन्या पाण्याचा मोठा वाटा आतच राहतो. आमच्या ब्लॉकच्या प्लगवर जुना रंग जसाच्या तसा होता. त्याला कुणी पाना लावलाच नव्हता, फ्लशिंगचे दीड हजार मात्र लावले होते.

कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणीच घ्या, पंपावर मिळतं. वीस-पंचवीस लिटरच्या सिस्टीमला त्याचा खर्च नगण्य आहे. आपल्या दख्खनच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते घरच्या गिझरवाल्याला विचारा. भरताना सावकाश ओतायचं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हवा निघून पातळी खाली गेली की परत भरायचं, आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा बघायचं. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरची तोटी समोरून जाळीवर धरू देऊ नका. ॲल्युमिनियमच्या पाकळ्या वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते. हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर, असं धुवायला सांगा. उसाच्या पाचटाचा भुसा तसाच निघतो.

आता पैशाचं. व्हिडिओ आणि बॅटरीवाल्याकडचं रीडिंग घेऊन जाण्याआधी मी एक काम केलं. माझ्या मेव्हण्याला गिऱ्हाईक बनवून त्या गॅरेजात पाठवलं, '१६१३ ला जुना रेडिएटर मिळेल का' असं विचारायला. मिस्त्रीनं काळा रंग मारलेला एक रेडिएटर आतल्या खोलीतून काढून दाखवला. "रिकंडिशन केलाय, तांब्याचा. ॲल्युमिनियमच्या नादाला लागू नका, टिकत नाही. अकरा हजार." मेव्हण्यानं फोटो पाठवला. डावीकडच्या ब्रॅकेटला वडिलांनी जोडून घेतलेली पितळी पट्टी रंगाखालूनही दिसत होती. आमचाच रेडिएटर! कुजलेली जाळी, डाख न धरणारी.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. रेडिएटर त्यानं मुकाट्यानं परत दिला, कूलंट आणि फ्लशिंगचे ७,१०० रुपये दिले. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचे पैसे द्यायला मात्र तयार नाही, म्हणतो, "तुम्ही घाटात वाटेल ते पाणी घातलं." म्हणून ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 'ट्रक म्हणजे धंदा, धंद्याला ग्राहक कायदा लागत नाही' असं तिथल्याच एकानं सांगितलं होतं. ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूचा समजत नाहीत. एका गाडीवर घर चालवणाऱ्यानं हा मुद्दा अर्जात स्पष्ट लिहावा. मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, फोटो, फोनवरचे मेसेज जोडता येतात. पक्कं बिल असलं तर उत्तमच. त्यावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर खरा-खोटा तपासता येतो.

जुन्या रेडिएटरला अण्णांनी खालच्या जोडाला डाख लावला, नळ्यांत सळई फिरवली, हवा भरून हौदात बुडवून दाखवला. खर्च आला अडीच हजार, नवा थर्मोस्टॅट आणि झाकण वेगळं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आम्ही भंगारात घातलेला नाही. अण्णांनी त्याची जाळी मधोमध कापून दिलीय, खाल्लेल्या नळ्या आणि पांढरा गाळ स्पष्ट दिसतो. आयोगापुढं तीच ठेवणार आहे.